ज्याच्यावर टाइप होत नाही

गाणं चांगलं की वाईट हे लोक कानांनी ठरवतात. आमच्या टायपिंग क्लासच्या अक्का ते बोटांनी ठरवायच्या. कुठलंही गाणं कानावर पडलं की समोरच्या टेबलावर, टेबल नसलं तर स्वतःच्या मांडीवर, त्या दहाही बोटांनी टाइप करून बघायच्या. चार ओळी सरळ गेल्या तर गाणं पास. बोटं अडली की तोंड वाकडं व्हायचं, आणि मग त्या गाण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार आपण निमूट ऐकून घ्यायचा.

नव्वदच्या दशकात बेंगळूरमध्ये हिप-हॉपबद्दल मत असणारी माणसं तशी कमीच. जी होती ती ब्रिगेड रोडवरच्या कॅसेटच्या दुकानांत उलटी टोपी घालून मान हलवत उभी असायची. त्यांच्यापैकी कुणाला सांगून खरं वाटलं नसतं की चामराजपेटेत, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, सुती पातळ नेसलेली आणि डोक्यात मल्लिगेचा गजरा माळलेली एक पन्नाशीची बाई बसते आणि तिचं ठाम मत आहे की हिप-हॉप मेलं. आजारी आहे असं नव्हे, मेलं. वर त्या असंही म्हणायच्या, की "प्रेताला सोनं घालून मिरवतायत, लाजा वाटत नाहीत."

अक्कांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. त्यांची मराठी घरात जपून ठेवलेल्या जुन्या भांड्यासारखी होती, मधेमधे कन्नडचे पोचे आलेली. मी बेळगावकडची. माझ्या बोलण्याला त्या हसायच्या आणि त्यांच्या बोलण्याला मी. "सुम्मने बसू नको गं, कागद घाल की," हे त्यांनी मला उद्देशून उच्चारलेलं पहिलं वाक्य. सुम्मने म्हणजे उगाच. त्यांच्या मते जगातली बहुतेक माणसं आणि जवळजवळ सगळी गाणी सुम्मनेच होती.

मी मात्र तिथं सुम्मने गेले नव्हते. वडील बेंगळूरला सरकारी कचेरीत होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि अनुकंपेवर त्यांच्या जागी मला टायपिस्ट म्हणून घेतलं. अट एकच होती. ठरलेल्या मुदतीत इंग्रजी टायपिंगची सीनियर परीक्षा पास व्हायची, नाहीतर घरी बसायचं. घरी आई आणि शाळेत जाणारा भाऊ. माझा पहिला प्रयत्न दुसरीकडे शिकून वाया गेला होता. मुदत संपायच्या आत आणखी एकच परीक्षा उरली होती. कचेरीतल्या एका बाईंनी सांगितलं, चामराजपेटच्या अक्कांकडे जा, डोकं खातील पण पास करतील. पहिला भाग पहिल्याच दिवशी खरा ठरला.

टायपिंग ठेक्यात शिकवायची पद्धत जुनीच आहे. पूर्वी इन्स्टिट्यूटमधून ग्रामोफोनवर बँडच्या रेकॉर्डी लावायचे आणि सगळा वर्ग त्या तालावर कळा दाबायचा. ठेका असला की बोटं सारख्या जोरानं पडतात, एक अक्षर काळंकुट्ट आणि शेजारचं फिकट असं होत नाही. अक्कांकडेही तसली रेकॉर्ड होती. पण खालची गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची, सुई उडायची आणि अख्खा वर्ग एकदम तीच ओळ पुन्हा टाइप करायचा.

मग त्यांच्याकडे केनिया आला. हा फार्मसी शिकायला आलेला एक मुलगा. अक्का त्याला देशाच्याच नावानं हाक मारायच्या आणि तो त्यांना ‘आका’ म्हणायचा. हे माझ्या आधीचं, मी ते अक्कांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला तो मुलगा समोर दिसतो. रेकॉर्डची ती फजिती पाहून त्यानं दुसऱ्या दिवशी स्वतःची एक कॅसेट आणली. अमेरिकेतल्या पोरांची. अक्कांनी ऐकली, मांडीवर टाइप केली आणि त्याच दिवशी बँडची रेकॉर्ड माळ्यावर टाकली.

"गाण्यात सूर असला की मन सुरामागं पळतंय," त्या समजावून सांगायच्या. "हा बघ, गातच नाही. बोलतोय. पण ठेका सोडत नाही. टायपिंगला ह्याच्यापेक्षा काय पाहिजे?"

एवढ्यावर थांबत्या तर त्या अक्का कसल्या. हा माणूस एवढं काय बोलतोय हे त्यांना कळायलाच हवं होतं. त्यांनी केनियाला बसवून सगळे शब्द टाइप करून घेतले. गाणं एका जुन्या इमारतीत राहणाऱ्या पोराचं होतं. लिफ्ट बंद आहे, आजीला सगळे जिने चढावे लागतात, नळ गळतोय, घरमालक दार उघडत नाही आणि पोलीस आले की घरमालकाला सोडून ह्यालाच नाव विचारतात. अक्कांनी तो कागद वाचला आणि निकाल दिला, "हा अर्ज आहे." विषय आहे, तपशील आहे, मागणी आहे. फक्त खाली सही नाही. त्यांनी त्याचा स्पीडचा उतारा केला आणि पुढं जो जो त्यांच्या हाताखाली आला, त्यानं तो गिरवला.

मीही गिरवला. पण पहिल्याच दिवशी मला त्यात काहीतरी खटकलं. नळाची तक्रार ऐन रंगात आली असताना मधेच ‘रिस्पेक्टेड सर’ यायचं. पोलिसानं गचांडी धरली, की पुन्हा ‘रिस्पेक्टेड सर’. कॅसेटमध्ये तर तसं काही ऐकू येत नव्हतं. शेवटी कळलं की त्या पोराच्या तोंडी शिव्या होत्या आणि जिथं जिथं शिवी, तिथं तिथं अक्कांनी ‘रिस्पेक्टेड सर’ घातलं होतं. इन्स्टिट्यूटमध्ये चांगल्या घरच्या पोरी येतात, घाण शब्द टाइप करायचा नाही, हा नियम. आता शिवीच्या जागी आदरणीय महोदय बसवल्यावर कुठलंही गाणं अर्जच होणार, हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं.

"मग बरोबरच की," त्या म्हणाल्या. "अर्जात आपण आदरणीय लिहितो तेव्हा मनात दुसरं काय असतंय?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत ‘रिस्पेक्टेड सर’ टाइप करताना मला हसू आवरेना.

त्यांची आणखी एक सवय सांगते, म्हणजे माणूस लक्षात येईल. आपण त्यांच्याशी बोलत असलो की त्यांची बोटं आपलं बोलणं टाइप करत असायची. भाजीवालीच्या पाटीच्या काठावर, बसच्या दांड्यावर, मंगळवारी देवीच्या रांगेत पुढच्या बाईच्या पाठीवरसुद्धा. बोटं चालू आहेत तोवर ठीक. ती थांबली की समजायचं, आपलं बोलणं आता टाइप करण्याच्या लायकीचं राहिलेलं नाही. एक गृहस्थ मुलाच्या अमेरिकेतल्या पगाराबद्दल सांगत होते. त्यांच्या दुसऱ्याच वाक्याला अक्कांनी हात उचलून पदरात घेतले. त्या गृहस्थांना काही समजलं नाही. मला मात्र त्यांची दया आली.

नव्या हिप-हॉपचं आणि अक्कांचं भांडण एका इंदिरानगरच्या मुलानं सुरू केलं. बापानं शिस्त लागावी म्हणून त्याला एवढ्या लांब टायपिंगला पाठवलं होतं. त्याच्या पँटीत आणखी एक माणूस आरामात मावला असता आणि त्याच्या मराठीत मराठी शोधावी लागायची. एक दिवस तो म्हणाला, "अक्का, धिस इज सो ओल्ड यार. आता कोणी हे ऐकत नाही. मी तुम्हाला लेटेस्ट आणून देतो ना."

अक्का काही वाईट श्रोत्या नव्हत्या. आण म्हणाल्या. त्यानं आणली. गुळगुळीत वेष्टनाची, अस्सल परदेशी. सगळ्या वर्गाला कोरा कागद घालायला सांगून त्यांनी ती लावली. ढोलकीच्या जागी काहीतरी लांबून ढम्म करायचं आणि मग बराच वेळ काही नाही. तो माणूस त्या ढम्मच्या मागून सावकाश चालत यायचा, जेवण जड झाल्यासारखा. ओळ संपत आली की वाजणाऱ्या आमच्या मशीनच्या घंट्या, ज्या अक्कांच्या वर्गात ठेक्यावरच वाजायला हव्यात, त्या कुठंही वाजायला लागल्या. मला तर एक अख्खी ओळ दुसऱ्या ओळीवर टाइप झाल्याचं कागद काढल्यावर कळलं.

अक्कांनी कॅसेट थांबवली. "हा बोलतोय का जांभई देतोय?"

"इट्स लेड बॅक, अक्का. स्टाइल आहे."

"बरं. काय म्हणतोय ते तरी टाइप कर."

पोरगं बिचारं बसलं. दोन-तीन दिवस कानाला हेडफोन लावून त्यानं शब्द उतरवले. शिवीला ‘रिस्पेक्टेड सर’ हा नियम त्यालाही लागू होता, त्यामुळे निम्मा कागद आदरणीय महोदयांनीच भरला. उरलेल्या निम्म्यात गळ्यात किती सोनं आहे, दारात कुठली गाडी आहे, घराला किती खोल्या आहेत आणि बायका कशा मागे लागतात, एवढंच होतं. अक्कांनी चष्मा लावून तो कागद शेवटपर्यंत वाचला.

"हा अर्ज नव्हे," त्या म्हणाल्या. "ही मालमत्तेची यादी. इन्कम टॅक्सवाल्यांना द्यायची सोडून गाण्यात घातलीय मूर्खानं." मग आमच्याकडे वळून, "त्या आमच्या पोराचं घरमालकाशी भांडण होतं. हा बघा, हाच घरमालक होऊन बसलाय. आता भाडेकरूंनी ह्याचं काय ऐकायचं?"

तेवढ्यानं भागलं नाही. कॅसेटच्या आतल्या कागदावर कंपनीचा पत्ता होता, अमेरिकेचा. अक्कांनी कार्बन घालून पत्र टाइप केलं. विषय, आपल्या मालाचा घसरलेला दर्जा. मजकुरात लिहिलं होतं की पूर्वी आपल्या धंद्यात तक्रार असायची, आता बढाई आहे. माणूस तक्रार करतो तेव्हा खरं बोलतो आणि बढाई मारतो तेव्हा ठेका चुकतो, याची आपण चौकशी करावी. आम्ही हसलो. पोस्टातला माणूसही हसला असेल. पण पुष्कळ दिवसांनी खरंच उत्तर आलं. उत्तर म्हणजे त्या सोनंवाल्याचा एक मोठा चकचकीत फोटो, खाली छापील सही. बाकी एक अक्षर नाही. अक्कांनी फोटो उलटा केला. मागची बाजू कोरी दिसली म्हणून मशीनमध्ये घालून चार शब्द मारून पाहिले. शाई धरेना, बोट लावलं की पुसून जायची.

"बघ," त्या इंदिरानगरवाल्याला म्हणाल्या, "पाठीवर चार शब्द टिकत नाहीत. पोटात काय टिकणार?"

त्यानंतर त्यांची जीभ सैलच सुटली. सिनेमात रॅप आलं होतं, साबणाच्या जाहिरातीत आलं होतं, शेजारच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरं चड्डीवर सोनेरी कागदाच्या साखळ्या घालून कमरेत वाकत होती. प्रत्येक नमुना अक्का मांडीवर टाइप करून बघायच्या आणि नापास करायच्या. कुणी म्हटलं की एखादं तरी बरं असेल, तर म्हणायच्या, "असेल. मला भेटलं नाही. त्याला म्हणावं वर येऊन भेट." हा अन्याय होता हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांनी एकाही कॅसेटची दुसरी बाजू लावून पाहिली नाही. पण अन्याय करणाऱ्या माणसाचं बोलणं ऐकायला जी मजा येते ती न्यायी माणसाच्या बोलण्यात नसते. आता एचएसआर लेआउटला भाच्याकडे जाते तेव्हा त्याच्या गाडीत जे चालू असतं, त्यावर माझीही बोटं आपोआप पर्सवर पडतात. दोन ओळींच्या पुढे गेलेली नाहीत. यादी तेवढी लांबली आहे, त्या काळी फक्त गाड्या असायच्या, आता विमानंही असतात.

परीक्षा जवळ आली आणि केनियाची कॅसेट तुटली. टेपरेकॉर्डरनं फीत खाल्ली. अक्कांनी ती पेन्सिलीनं गुंडाळली, चिकटपट्टीनं जोडली, पण जोडाच्या जागी तो पोरगा एकदम बुडाल्यासारखा बोलायचा आणि ठेका गडगडायचा. पुढं तीही राहिली नाही. केनिया केव्हाच परत गेला होता. गावभर दुकानं धुंडाळली, तसली जुनी कॅसेट कुणाकडे नव्हती. दुकानदार म्हणायचे, ते आता कोण घेतं, हे घ्या, लेटेस्ट.

इंदिरानगरच्या मुलानं तेव्हा खरंच चांगुलपणानं त्याच्या सगळ्या कॅसेटी आणून टेबलावर ठेवल्या. त्यात एखाददुसरी जरा जलद होती. मी म्हटलं, "अक्का, ही चालेल की."

"बेडा," अक्का म्हणाल्या. नको म्हणजे नको.

आणि लाकडी फूटपट्टी घेऊन त्या वर्गाच्या मधोमध उभ्या राहिल्या. टेबलावर पट्टीनं ठेका धरला आणि तो सगळा अर्ज, लिफ्ट, नळ, आजी, पोलीस, तोंडानं म्हणायला लागल्या. इंग्रजीत, चामराजपेटच्या उच्चारात, प्रत्येक ‘रिस्पेक्टेड सर’ला पट्टी जोरात मारून. जे आठवत नव्हतं तिथं स्वतःचं घालायच्या. महानगरपालिकेचं पाणी येत नाही, गिरणीवाला पहाटेपासून दळतो, समोरच्या कॉम्प्युटर सेंटरात एकच कॉम्प्युटर आहे आणि त्याच्यावर टॉवेल घातलेला असतो, रिस्पेक्टेड सर! दोन पोरी हसून हसून खुर्चीवरून घसरल्या. पुढच्या आठवड्यात त्या टॉवेलवाल्या सेंटरात गेल्या. इंदिरानगरचा मुलगाही यायचा बंद झाला.

मला हसू येत नव्हतं. अक्कांचा आवाज चढला की ठेका पुढं पळायचा, धाप लागली की मागं राहायचा. माझा स्पीड रोज कमी भरत होता. एक दिवस मी कागद ओढून काढला आणि बोलले, जे आजवर कुणी बोललं नव्हतं.

"अक्का, माझी नोकरी जाणार आहे. आई आहे, भाऊ आहे. तुम्हाला गाण्याचा दर्जा सुचतोय?"

"नोकरी जाईल म्हणून काय वाईट ऐकायचं?"

"हो. ऐकायचं. मला काय गायला जायचंय? मला पास व्हायचंय."

"मग समोर जा."

"तिथं मशीन कुठाय? टॉवेल आहे!"

एवढं ओरडूनही आमचं दोघींचं तोंड क्षणभर हसण्याच्या बेतात आलं, पण कुणी हसलं नाही. मला त्यांचा मनापासून राग आला होता. एका मेलेल्या गाण्याच्या सुतकात ही बाई माझं घर बुडवणार, असं मला वाटत होतं. घरी जाऊन आईजवळ मी त्यांना नाही नाही ते बोलले. तिथं मी आदरणीय वगैरे काही घातलं नाही.

टायपिंगच्या परीक्षेला तेव्हा मशीन आपलंच न्यावं लागायचं. अक्कांनी टेम्पो ठरवला आणि माझं मशीन चादरीत गुंडाळून स्वतः मांडीवर घेऊन बसल्या. परीक्षा एका शाळेत होती. मशीन टेबलावर मांडून, रूळ फिरवून, फीत तपासून झाली की शिकवणाऱ्यांनी बाहेर जायचं, असा नियम. अक्का गेल्या.

आणि त्याच दिवशी शाळेसमोर रेडीमेड कपड्यांच्या एका दुकानाचं उद्घाटन होतं. फाटकाशी माणसाएवढे दोन स्पीकर ठेवलेले. स्पीडचा पेपर वाटला, पर्यवेक्षकांनी घड्याळ हातात घेतलं, आणि बाहेरून तेच सुरू झालं. इंदिरानगरवाल्यानं आणलेल्या जातीचं, तसंच लांबून ढम्म आणि मागून सावकाश येणारा, जेवण जड झालेला माणूस. खिडक्यांची तावदानं हलायला लागली. पर्यवेक्षकांनी शिपायाला बाहेर पिटाळलं, पण घड्याळ थांबवलं नाही. "स्टार्ट," म्हणाले.

पहिली ओळ माझी पार बिघडली. दुसरीत दोन शब्द गाळले. कचेरीतलं टेबल, आई, भावाची शाळा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं आणि वाटलं, संपलं. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी त्या माणसाशी भांडणं सोडून दिलं. त्याच्या ढम्मला ओळ संपवून कॅरेज ढकलायचं आणि मधल्या रिकाम्या जागेत पळायचं, असं काहीतरी बोटांनी आपल्या आपण ठरवलं. माझ्या मशीनची घंटी जरा बसकी होती, ती ढम्मवर पडायला लागली. गाणं संपलं तेव्हा वाटलं, आता ठेका जाणार. पण पुन्हा तेच गाणं लागलं. तेही संपलं, पुन्हा तेच. हॉलमधली बाकीची माणसं डोकं धरून टाइप करत होती आणि मी मनात म्हणत होते, बाबा रे, थांबू नकोस.

बाहेर आले तर फाटकाशी तो शिपाई एकटाच तणतणत होता. माझ्याबरोबर अक्कांना आलेलं त्यानं पाहिलं होतं, त्यामुळे मलाच पकडलं. कन्नडमध्ये म्हणाला, "तुमच्या त्या अम्मांना काही समजतं का? आधी स्वतःच दुकानात शिरून भांडत होत्या, बंद करा हे घाण म्हणून. दुकानवाला बंद करायला निघाला, मीही पोचलो, तर ह्या शाळेच्या खिडकीकडे कान लावून उभ्या राहिल्या. आणि मग उलटंच. बटणाला हात लावाल तर बघा, म्हणाल्या. पेपर संपेपर्यंत तेच तेच गाणं लावायला लावलं. मलाही आत जाऊ देईनात."

अक्का स्पीकरसमोर उभ्या होत्या. दोन्ही हात आडवे पसरून, कुणी बटणाकडे जाऊ नये म्हणून. गाणं अजून चालूच होतं. एरंडेल पाजल्यासारखा चेहरा झाला होता. मला बघितल्यावर त्यांनी हात खाली घेतले आणि दुकानवाल्याला म्हणाल्या, "साकु, पुरे. बंद कर आता."

आम्ही टेम्पोनं परतलो. मशीन पुन्हा त्यांच्या मांडीवर होतं.

निकाल लागला, मी पास झाले. कचेरीत मला कायम केलं. आईनं केलेल्या बेसनाच्या वड्या घेऊन मी गिरणीच्या माडीवर गेले. अक्का मशीनच्या दांड्यांना तेल घालत बसल्या होत्या. वर्गात दुसरं कुणी नव्हतं. मी पाया पडले. वडी त्यांनी तोंडात टाकली. मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, एक बोलू? शेवटी त्याच गाण्यावर पास झाले."

"पास झालीस म्हणून गाणं चांगलं होत नाही," अक्का म्हणाल्या. "भिकार ते भिकारच."

"मग एवढा वेळ ऐकलंत कसं?"

"गाणं कोण ऐकत होतं?" त्या तेलाचे हात फडक्याला पुसत म्हणाल्या. "मी तुझं मशीन ऐकत होते. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात अडखळलीस."

मी खरंच अडखळले होते.